उन्हाळ्यात गाडी घेऊन लांब निघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून कोकण, गोवा किंवा थेट विदर्भ गाठणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक जण इंजिनाची काळजी करत बसतात. उन्हाळ्यात गाडी रस्त्यात उभी राहते ती मात्र बहुतेकदा टायर, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), रबरी नळ्या आणि बॅटरी यांच्यामुळे. ऊन काही नवीन बिघाड निर्माण करत नाही, आधीपासून अर्धं झिजलेलं जे आहे ते उघडं पाडतं. म्हणून खालची काही उत्तरं लांब आहेत आणि इंजिन ऑइलचं चार ओळींचं.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करून घेतलं तर चालेल का?

नको. आठ-दहा दिवस आधी करा. गॅरेजमधून आलेल्या गाडीत जुने दोष गेलेले असतात, पण कधी कधी नवे आलेले असतात: नळीचा क्लॅम्प सैल राहिला, ऑइल फिल्टर नीट आवळला नाही, चाकाचा एखादा नट अर्धाच बसला. हे कळायला सर्व्हिसिंगनंतर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालायला हवी. एप्रिलच्या अखेरीस सर्व्हिस सेंटरला वेळ मिळतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात रांग असते, हाही मुद्दा आहेच.

सर्व्हिसिंग झालं की एका रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी बघा. साधं पाणी दिसलं तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट (चाखून बघू नका, ते विषारी असतं). तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओघळ दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी असं हवावाला सांगतो. बरोबर आहे का?

चूक आहे, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्याचं मोठं कारण नेमकं हेच आहे.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. तार सतत वाकवत राहिलं की ती हाताला गरम लागते, तसंच इथे होतं. शंभरच्या वेगात चाक मिनिटाला आठशेच्या वर फेरे घेतं, म्हणजे तेवढ्या वेळा ही भिंत वाकते. आतला रबर आणि दोऱ्यांचे थर तापून एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मग टायर फाटतो. टायर फुटतो तो जास्त हवेने, असं वाटतं खरं, पण त्यामागे बऱ्याचदा कमी हवा असते.

किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत). तिथे बहुधा दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भाराचा. पाच जण आणि भरलेली डिकी असेल तर दुसरा रकाना वाचा. त्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्याच गाड्यांत तीन-चारने जास्त असतो. टायरवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा पंपापर्यंत जेमतेम दोन किलोमीटर आली आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. सकाळी ३३ भरलेला टायर दुपारी महामार्गावर ३७-३८ दाखवेल. हे व्हायचंच, ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. दुपारी धाब्याशेजारी ३८ बघून पाच काढून टाकले, की दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २८ वर असतो आणि गाडी पुन्हा शंभरने निघते. गरम टायरमधून हवा काढायची नाही. गरम असतानाच भरायची वेळ आली तर स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा आणि सकाळी थंड असताना पुन्हा मोजा.

पंपावरचं मीटर नेहमी खरं बोलतंच असं नाही. स्वतःचा गेज घेऊन ठेवा, काही शे रुपयांचं काम आहे.

नायट्रोजन भरून घ्यावा का?

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा हळू उतरतो, एवढाच फरक. फुकट मिळत असेल तर घ्या. वाटेत साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. ‘नायट्रोजन मिळाला नाही’ म्हणून कमी हवेवर पुढे जाणं मात्र खरंच महागात पडतं.

टायरच्या नक्ष्या अजून दिसतात. तरी बदलायचे का?

तीन गोष्टी बघा. पहिली नक्षीची खोली. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते पृष्ठभागाच्या पातळीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली. ही कायदेशीर शेवटची मर्यादा आहे. लांबच्या प्रवासाला आम्ही तीन मिलिमीटरवरच टायर बदलायला सांगू, कारण परतीच्या वाटेवर वळीव गाठू शकतो आणि धुळीवर पडलेल्या पहिल्या पावसात गुळगुळीत टायरला पकड अशी नसतेच.

दुसरी गोष्ट वय. टायरच्या बाजूला डॉट या रोमन अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडी संख्या असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, गाडी कितीही कमी चालली असली तरी, मे महिन्यात महामार्गावर नेऊ नये. रबर उभ्या उभ्याही वाळतं. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाड्यांचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात, फसवणूक तिथेच होते.

तिसरी गोष्ट फुगा. बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा उंचवटा दिसला तर आतले दोरे तुटलेत आणि हवा फक्त रबराच्या पापुद्र्याने अडवली आहे. जोराने खड्ड्यात गेल्यावर होतं हे. याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजूही बघा, फुगा बऱ्याचदा तिकडेच लपलेला असतो.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. मागची चाकं घसरली तर गाडी गिरकी घेते आणि ती सावरणं सर्वसाधारण चालकाच्या हातात राहत नाही.

समृद्धी महामार्गावर टायर फुटतात ते काँक्रीटमुळे का?

नुसत्या काँक्रीटमुळे नाही. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सपाट भागात गाड्यांची वेगमर्यादा १२० आहे. जुन्या रस्त्याने जाताना गावं, गतिरोधक, चहाच्या टपऱ्या यायच्या आणि टायरला आपोआप विश्रांती मिळायची. इथे तीन-तीन तास वेग उतरतच नाही. त्यात विदर्भात मेमधलं तापमान ४५ अंशांवर जातं आणि रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूपच जास्त तापलेला असतो. चांगला टायर हे सहज सोसतो. कमी हवेचा, जुना किंवा आधी कडेला पंक्चर काढलेला सोसत नाही.

म्हणून थंड टायरमध्ये पूर्ण भाराची हवा, वेग शंभरच्या आसपास आणि दर शंभर-दीडशे किलोमीटरला पंधरा मिनिटं थांबा. थांबलात की हाताचा मागचा भाग प्रत्येक टायरच्या बाजूला जवळ नेऊन बघा. चारांपैकी एकच चटका देण्याइतका गरम असेल तर त्याची हवा उतरते आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. इंधन रस्त्यावर चढण्याआधी भरा. मधल्या सुविधा गावागावातल्या पंपांसारख्या हाकेच्या अंतरावर नसतात.

टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय जाऊ देऊ नका, हीच सगळ्यात कठीण गोष्ट आहे. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप चाळीसच्या खाली येऊ द्या आणि मग डावीकडे घ्या.

कूलंट कमी झालं तर साधं पाणी टाकलं तर चालत नाही का? पूर्वी सगळे तेच करायचे.

अडचणीत चालतं, सवय म्हणून नाही. नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, जसे गिझरच्या कॉइलवर साचतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ते साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली १२५ च्याही पुढे. इंजिनाचं नेहमीचं काम ९०-१०५ अंशांच्या दरम्यान चालतं. म्हणजे साध्या पाण्यावर आणि सैल झाकणावर तुम्ही उकळीच्या अगदी काठावर असता. दुकानातून घेताना डब्यावर वाचा: काही कूलंट पाणी मिसळूनच येतं, काही घट्ट असतं. तयार कूलंटमध्ये परत पाणी ओतणं ही नेहमीची चूक आहे.

तपासायचं ते सकाळी, थंड इंजिनवर. बॉनेटखालच्या कूलंटच्या पांढऱ्या डब्यातली पातळी किमान आणि कमाल या खुणांच्या मधे हवी. दर महिन्याला भरावं लागत असेल तर गळती आहे, भरत राहू नका, शोधा. हिरवं आणि गुलाबी एकमेकांत मिसळू नका. प्रकार वेगळे असले तर गाळ धरतो. रंग हा प्रकाराचा खात्रीचा पुरावा नाही, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या.

मग नळ्या. थंड असताना रेडिएटरची वरची जाड नळी दाबून बघा. ती रबरासारखी लवचीक हवी. लोण्यासारखी मऊ, फुगलेली किंवा कडक होऊन तडे गेलेली असेल तर बदला. शेवटी पंखा. एसी लावून गाडी जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा. पंखा बंद असलेली गाडी महामार्गावर वाऱ्यामुळे बरी चालते आणि घाटातल्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांत तापते. जाळीत अडकलेले किडे, चिखल आणि पानं पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पाती चपटी होतात आणि हवा जायची वाटच बंद होते.

घाटात गाडी तापायला लागली तर नेमकं काय करायचं?

काटा नेहमीपेक्षा वर सरकताना दिसला (नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो) की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा करा, काचा खाली घ्या. आत घाम निघेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. जागा मिळताच कडेला थांबा. लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करा.

नंतर अर्धा-पाऊण तास काही करू नका. बॉनेट हाताला सोसेल तेव्हा उघडा, रेडिएटरच्या झाकणाला अजून हात नाही. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. वरची नळी हातात धरवते इतकी थंड झाली की जाड फडकं ठेवून झाकण पाव फेरा फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मग पूर्ण उघडा. गरम इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

‘पुढचं गाव पाचच किलोमीटरवर आहे’ म्हणून तापलेली गाडी तशीच रेटली तर हेड गॅस्केट (हेडखालची सील) जातं. मग ऑइलच्या झाकणाखाली दूध घातलेल्या कॉफीसारखा फेस दिसतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि काही शे रुपयांच्या नळीचं काम हजारोंवर जातं.

एसी पुरेसा गार होत नाही. गॅस भरून घेऊ का?

आधी केबिन फिल्टर काढून बघा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बऱ्याच गाड्यांत हातानेच निघतो. तो मातीने भरलेला असेल तर झोत कमी आणि दोष मात्र गॅसला. झोत जोरात आहे पण गार नाही, तेव्हा गॅसचा विचार करा.

गॅस ‘संपत’ नाही, कुठून तरी गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस पावसाळ्यापर्यंत परत गेलेला असतो. भरताना बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनानेच भरायला सांगा, छोट्या गाड्यांत ते साधारण चार-पाचशे ग्रॅम असतं. अंदाजाने जास्त भरला तर एसी आणखी कमी गार करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

उन्हात उभ्या गाडीत बसताना काचा उघड्या ठेवून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. लांब पल्ल्यात दर तासाला काही मिनिटं बाहेरची हवा घ्या. पाच जणांच्या श्वासाने कोंदलेल्या गाडीत चालकाला पेंग येते.

बॅटरी तर थंडीत जाते ना?

मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत. बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या पट्ट्या झिजतात आणि साध्या बॅटरीतलं पाणी उडतं. तीन वर्षांपुढची बॅटरी दुकानात तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. चालू इंजिनवरही तेरापेक्षा कमी दिसलं तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

जंपर केबल लावायचा क्रम: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळी चांगल्याच्या उणेला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून ही खटपट.

घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ लागलं. असं का होतं?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. आंबा घाट किंवा आंबोली उतरताना सतत ब्रेकवर पाय असला तर डिस्क याहून कितीतरी जास्त तापते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल नुसतं खाली जातं, कारण बुडबुडा दबतो, तेल दबत नाही. दोन वर्षं झाली असतील तर ब्रेक ऑइल बदलून घ्या. ब्रेकचे पॅड तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर तेही.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ऑटोमॅटिकमध्ये एल, एस किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो. ब्रेक थोडा जोरात दाबायचा आणि सोडायचा. सतत हलका पाय ठेवून उतरायचं नाही. गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारे जे चार थेंब पेट्रोल वाचवतात तेही खरं वाचत नाही: आजच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच करतात.

चढणीवरच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. जळक्या वासाचा अर्थ क्लच प्लेट घासते आहे. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियमच आहे.

इंजिन ऑइलची ग्रेड उन्हाळ्यासाठी बदलावी का?

नको. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. ऑइल बदलायला हजारभर किलोमीटर उरले असतील आणि प्रवास दोन हजारांचा असेल तर निघण्याआधीच बदला. ऑइल मोजायची पट्टी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटर बसतं, त्यामुळे अंदाजाने डबा रिकामा करू नका.

उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, असा मेसेज दर वर्षी येतो.

दर वर्षी येतो आणि दर वर्षी खोटा असतो. टाकीत प्रसरणासाठी जागा ठेवलेली असते. पेट्रोल भरायची बंदूक आपोआप बंद झाली की मात्र थांबा. ‘राउंड फिगर’ करायला वरून घातलेलं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि ती यंत्रणा बिघडवतं.

सीएनजी गाडीने जायचं आहे. वेगळं काय बघायचं?

टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी). तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस नाकारतात, तेही नेमके दोन तास रांगेत उभं राहिल्यावर. दुपारच्या उन्हात गॅस कमी बसतो, कारण गरम गॅस कमी वजनातच २०० बारचा दाब गाठतो. पहाटे किंवा रात्री भरा. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. पेट्रोलची टाकी निम्मी तरी ठेवा, आणि आदल्या आठवड्यात गाडी पेट्रोलवर वीस-तीस किलोमीटर चालवून बघा. महिनोन्‌महिने न वापरलेले इंजेक्टर ऐन घाटात रुसतात.

इलेक्ट्रिक गाडीचं काय?

वेगाचा हिशेब आधी करा. शंभरच्या पुढे रेंज (एका चार्जमध्ये जाता येणारं अंतर) झपाट्याने घटते, एसीने त्या मानाने कमी. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या चार्जरशिवाय आणखी एक चार्जर गाठता येईल एवढं शिल्लक ठेवा. तापलेली बॅटरी फास्ट चार्जरवर हळू चार्ज होते, तेव्हा दुपारच्या थांब्याला जास्तीचा वेळ धरा.

स्टेपनी आणि डिकीतलं सामान काय काय असावं?

स्टेपनीची हवा सगळे विसरतात. पूर्ण भाराच्या आकड्यापेक्षा दोन-तीनने जास्तच भरून ठेवा. बारीक, वेगळ्या मापाची स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर किट येतं. ते फाटलेल्या टायरला उपयोगाचं नाही, फक्त खिळ्याला.

घराच्या अंगणात एकदा चाक काढून पुन्हा लावा. तेव्हा कळतं की जॅकचा दांडा नाही, पाना बोल्टवर घसरतो, किंवा अलॉय व्हीलच्या लॉकची चावी गॅरेजमध्येच राहिली. गॅरेजवाल्यांनी मशीनने आवळलेले नट हाताच्या पान्याने सुटतच नाहीत, हेही तिथेच समजतं. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावा.

बाकी: बारा व्होल्टचा हवेचा पंप, जंपर केबल, टो करायचा दोर, डोक्याला लावायचा टॉर्च, जाड हातमोजे, जादा फ्यूज, एक लिटर तयार कूलंट, आणि गाडीसाठी पाच लिटर पाणी (पिण्याचं वेगळं). चाकामागे लावायला लाकडी ठोकळा किंवा दगड. लाल त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा, महामार्गावर आणखी लांब. पाच पावलांवर ठेवलेला त्रिकोण शंभरने येणाऱ्याला काही सांगत नाही. चाक बदलताना बाकीच्यांनी गाडीत नाही, रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं.

काचेला छोटा तडा आहे. आल्यावर बघितलं तर?

जाण्याआधी बघा. बाहेरून ऊन आणि आतून एसीचा गार झोत, या ओढाताणीत नाण्याएवढा तडा एका दुपारीत काचभर धावतो. छोटा असेल तर रेझिन भरून थांबवता येतो. वायपरचं रबरही बदला, उन्हाने ते कडक होऊन काचेवर कमानी ओढतं. वॉशरच्या पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाका, चिकटलेले किडे निघतात.

कागदपत्रं आणि फास्टॅग?

आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपवर दाखवलेले चालतात. रेंज नसलेल्या घाटासाठी प्रती फोनमध्येही उतरवून ठेवा. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास (तेव्हा किंमत ३,००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या) राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी राज्याच्या महामंडळाकडे आहेत, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात, तेव्हा शिल्लक ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३, कुठेही आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

किती वाजता निघणं चांगलं?

झोप पूर्ण करून पहाटे चार-पाचला. रात्री अकराला निघून ‘गार हवेत पोचू’ हा बेत गाडीच्या सोयीचा आहे, चालकाच्या नाही. पहाटे तीन ते पाच ही डोळा लागण्याची वेळ. दुपारी एक ते चार जेवण आणि विश्रांतीला ठेवा. पाणी तहान लागण्याआधी प्या. शौचालय शोधावं लागेल म्हणून पाणी टाळणारे चालक दुपारनंतर डोकं दुखतंय म्हणतात.

गाडी उन्हात उभी करताना काय काढून घ्यायचं?

पॉवर बँक, लायटर, परफ्यूम-डिओचे डबे, सॅनिटायझर, औषधं. बंद गाडीत आतलं तापमान ६० च्या पुढे जाऊ शकतं. लहान मूल, आजी-आजोबा किंवा कुत्रा पाच मिनिटांसाठीसुद्धा आत ठेवायचा नाही, काच दोन बोटं उघडी असली तरी नाही.

कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवू?

कॅरिअरवर नको. उंचावरचं वजन घाटातल्या वळणावर गाडी झुकवतं, आणि ऊन थेट पेटीवर येतं. डिकीत तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. पाच डझनांची पेटी गवतासकट पंधरा-वीस किलो भरते, म्हणजे चार पेट्या म्हणजे एक जादा माणूस. जाताना पाच जण आणि कपडे होते, येताना वर पेट्या, नारळ आणि फणस. त्या सकाळी मागच्या टायरची हवा पुन्हा स्टिकरच्या दुसऱ्या रकान्याप्रमाणे बघा. मागून दबलेल्या गाडीचे दिवे वर जातात, तेव्हा स्टेअरिंगच्या उजवीकडची हेडलाइटची छोटी चकती शून्यावरून दोन किंवा तीनवर आणा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. आणि जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीतच लावा. तापलेल्या डिकीत दोन तास राहिलेला हापूस पिकत नाही, शिजतो.